सरमेचे पिल्लू आणि आटपाडीचा उंबरठा

कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे दीर्घ सत्र चालू आहे. सोबत श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन हे त्याचे तीन भाऊ आहेत. तेवढ्यात कुत्र्याचे एक पिल्लू यज्ञभूमीवर येते. भाऊ त्याला बदडून काढतात आणि ते केकाटत आपल्या आईकडे, सरमेकडे, पळते. आई आधी त्यालाच जाब विचारते: तुझ्याच हातून काही आगळीक झाली असेल. पिल्लू सांगते की हविर्द्रव्याला जीभ लावली नाही, त्याकडे पाहिलेदेखील नाही. मग सरमा थेट सत्रात जाऊन उभी राहते आणि विचारते, याचा अपराध कोणता? त्यावर कोणाकडेच उत्तर नसते. निरपराध पिल्लाला मारले म्हणून ती अदृष्ट भयाचा शाप देते, आणि सम्राट जनमेजय एवढा हादरतो की सत्र संपताच त्या शापाचे निवारण करू शकेल अशा पुरोहिताच्या शोधाला लागतो.

ही कथा महाभारताच्या आदिपर्वातील. माणसाने राखलेल्या जागेत पिल्लू शिरले, तर त्याचे काय करायचे, यावरचा हा आपल्या वाङ्मयातील अतिशय जुना तंटा. आजच्या धाग्याचा विषय हाच आहे: पिल्लाला घराची शिस्त लावणे. सदनिकांमध्ये ज्याला ‘पॉटी ट्रेनिंग’ म्हणतात, ते. विषय किरकोळ वाटेल. पण पिल्लाला घर शिकवायचे, तर आधी घर कोठे सुरू होते हे ठरावे लागते. आणि ते महाराष्ट्रात कोणी, कसे ठरवले, हा प्रश्न मुळीच किरकोळ नाही.

या शोधासाठी आटपाडी हे ठिकाण सोयीचे. आज सांगली जिल्ह्यातील हा तालुका १९४८ पर्यंत औंध संस्थानाचा एक महाल होता. आटपाडी म्हटले की स्वतंत्रपूरची खुली वसाहत आठवते, माडगूळकर बंधू आठवतात, शंकरराव खरात आठवतात. सरमेच्या पिल्लाशीही या महालाचा एक धागा जुळतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेपुढे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कल्पना मांडली आणि लाख रुपयांच्या देणगीचे वचन दिले. त्या प्रकल्पातून वि. स. सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. म्हणजे मार खाल्लेल्या त्या पिल्लाची कैफियत आज ज्या शुद्ध पाठात वाचली जाते, त्याच्या खर्चाला ज्या संस्थानाच्या तिजोरीने हातभार लावला, तिच्यात आटपाडी महालाचाही वसूल जमा होत होता. माणदेशासारख्या अवर्षणग्रस्त मुलखाच्या दृष्टीने ही थोडी गंमतच.

आता त्या मुलखातले घर पाहू.

जुने माणदेशी घर धाब्याचे. पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मातीचेच सपाट छत. बाहेरून आत जाताना अंगण, ओटा, सोपा, मग माजघर आणि चूल. जमीन शेणाने सारवलेली. कुत्र्याची हद्द अंगणापर्यंत, फार तर ओट्याच्या पायरीपर्यंत. पाऊस झोडपत असला तर सोप्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायची मुभा, तीही घरातले म्हातारे माणूस कुत्र्याचे लाड करणारे असेल तर. उंबरठ्याच्या आत कुत्रे ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे त्याने घरात घाण करू नये म्हणून खास शिकवण्याची गरजही नव्हती.

याचे श्रेय केवळ सोवळ्या-ओवळ्याला देणे बरोबर नाही. जमीन सारवायची, ती घरातल्या बायकांनी. शेण गोळा करण्यापासून पोतेरे फिरवण्यापर्यंतचे काम सुनांच्या अंगावर. कुत्र्याला आत घेणे म्हणजे ते काम वाढवणे. विटाळाच्या नियमांमागे पुष्कळदा असा कष्टाचा हिशेब दडलेला असतो, आणि तो ज्यांच्या अंगावर पडतो त्यांनी ग्रंथ लिहिलेले नसतात.

मग पिल्लू शिकत कसे होते? त्याचे उत्तर पिल्लाच्या शरीरातच आहे. पहिले सुमारे तीन आठवडे कुत्री पिल्लांना चाटून त्यांचे मलमूत्र विसर्जन घडवते आणि जागा स्वतःच साफ करते. चालू लागले की पिल्लू आपण होऊन झोपायच्या जागेपासून दूर जाते. आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास ठरावीक ठिकाण, ठरावीक प्रकारची जमीन पसंत करू लागते. झोपतो तेथे घाण करायची नाही, ही शिस्त माणसाने दिलेली नसून आईच्या कुशीतली आहे. अंगणात वाढणाऱ्या पिल्लाला जवळच उकिरडा, गवताची गंज, ओढ्याकाठ. थोरली कुत्री जिथे जातात तिथे तेही जाते. शिकवणारा कोणी नाही आणि तरी शिक्षण पुरे होते.

भाषाही हेच सांगते. मराठीत कुत्र्याशी बोलण्याचे परंपरेने चालत आलेले शब्द मोजकेच आहेत. बोलावण्यासाठी ‘यू यू’, अंगावर सोडण्यासाठी ‘छू’, हाकलण्यासाठी ‘हाड’. बैलाला हाकायच्या, वळवायच्या, थांबवायच्या आरोळ्या निरनिराळ्या. कुत्र्याला एका जागी बसवण्यासाठी मात्र खास शब्द घडलाच नाही. घरात बसवायचेच नव्हते, तर शब्द कशाला घडेल? म्हणूनच आज अस्सल मराठी घरांतही कुत्र्याशी ‘सिट’, ‘कम’, ‘नो’ असे इंग्रजीत बोलले जाते. लोक याला हसतात, पण त्यात नुसती ऐट नाही. ती वस्तुस्थिती ज्या भाषेबरोबर आली, तिचेच शब्द सोबत आले.

गावातल्या कुत्र्यापेक्षा निराळे, आणि खरोखर कठोर, शिक्षण होते ते धनगराच्या कुत्र्याचे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ज्यांनी वाचली आहे, त्यांना धनगरांच्या वस्तीचे चित्र नव्याने सांगायला नको. पण त्या वस्तीतले पुष्कळ लोक वर्षातले कित्येक महिने वस्तीवर नसतातच. पावसाळा सरला, दिवाळीचा सुमार झाला की मेंढपाळांचे वाडे चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे, कृष्णाकाठाकडे आणि काही घाट उतरून कोकणापर्यंत जातात. येथे ‘वाडा’ म्हणजे चिरेबंदी वास्तू नव्हे, हे शहरी वाचकाने ध्यानात घ्यावे. वाडा म्हणजे चालती वस्ती: काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, ओझ्याची घोडी, कोंबड्या, मुले आणि कुत्री. रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरे बसवायची, जाळ्यांचे कुंपण करायचे, सकाळी लेंडीखत मागे सोडून पुढे निघायचे.

या घराला भिंत नाही, उंबरठा नाही, आणि ते रोज रात्री नव्या जागी उभे राहते. कुत्र्याला जागा शिकवून उपयोग नाही. त्याला कळप शिकवावा लागतो. मेंढराच्या अंगावर जायचे नाही, कोकराला तोंड लावायचे नाही, वाड्यातल्या माणसाला ओळखायचे, आणि रात्री लांडग्याची चाहूल लागली की सगळ्यांच्या आधी उठायचे. माणदेशच्या माळावर लांडगा ही गोष्टीतली चीज नव्हे. एक चुकार कुत्रे म्हणजे सकाळी मोजणीत कमी भरणारी मेंढरे.

येथे एक काळाचा मेळ पाहण्यासारखा आहे. गावठी कुत्र्यांचा माजाचा काळ भाद्रपद, हे आपल्या एका शिवराळ म्हणीमुळे सर्वांना ठाऊक आहे. कुत्रीची गर्भावस्था साधारण ६३ दिवसांची. म्हणजे पिल्ले होतात ती कार्तिकाच्या आगेमागे, नेमकी वाडे बाहेर पडण्याच्या दिवसांत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध केला. त्यात पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यादरम्यानचा काळ निर्णायक ठरवला आहे: या काळात जे आसपास असेल, ते पिल्लू आपले मानते. धनगराच्या पिल्लाचा हा सगळा काळ वाटेवर, मेंढरांच्या वासात आणि घंटांच्या आवाजात जातो. हे कोणी आखलेले नसेल, ऋतूंनीच आखले. पण त्याचा लाभ उचलणे ही मेंढपाळाची विद्या होय.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच विद्या चार्ल्स डार्विनने पाहिली होती. १८३३ साली तो आजच्या उरुग्वेच्या गवताळ प्रदेशात होता. तेथील मेंढपाळ पिल्लाला अगदी लहान असतानाच आईपासून तोडत, दिवसातून तीन-चार वेळा मेंढी धरून तिला पाजत आणि मेंढवाड्यातच लोकरीचे अंथरूण करून ठेवत. दुसऱ्या कुत्र्यांत किंवा घरातल्या मुलांत मिसळू देत नसत. असे कुत्रे मोठे झाले की रोज मांसाच्या तुकड्यासाठी घराकडे येई आणि तुकडा मिळताच लाजल्यासारखे कळपाकडे पळे. घरातली कुत्री त्याच्या पाठीस लागत. पण कळपापाशी पोहोचताच ते वळून भुंकू लागे आणि पाठलाग करणारी शेपूट घालून परतत. पुढे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने अमेरिकेत राखणीच्या कुत्र्यांवर पद्धतशीर काम केले, तेव्हा निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला: पिल्लाला लहानपणी ज्यांच्यात ठेवाल, त्यांना ते राखील. डार्विनच्या त्या कुत्र्यालाही घर कळत होतेच. त्याचे घर म्हणजे मेंढरे, आणि माणसाचे घर हे परके ठिकाण.

आता उंबरठ्याकडे परत यायला हवे, कारण आटपाडीत उंबरठ्याबाहेर एकटे कुत्रेच नव्हते.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने रोज जमिनीवर अन्न ठेवावे असे सांगितले आहे. ते कोणासाठी? कुत्रे, पतित, श्वपच, पापरोगी, कावळे आणि कृमी, अशी ती यादी आहे. दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असे म्हटले आहे. कुत्र्याला दारात भाकरी टाकण्याच्या सुंदर रीतीचे कौतुक करताना ही यादी पुरती वाचावी. एकाच वाक्यात अन्नही दिले आहे आणि जागाही दाखवली आहे.

शंकरराव खरात १९२१ साली आटपाडीच्या महारवाड्यात जन्मले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘तराळ अंतराळ’. तराळ म्हणजे गावकीची सेवा करणारा: दवंडी, राखण, निरोप, सरकारी माणसांची सरबराई. मोबदल्यात बलुते आणि दारोदारची भाकरी. ही भाकरी उंबरठ्याबाहेर उभे राहून घ्यायची. रात्री गाव राखायचे ते तराळाने आणि कुत्र्याने, आणि उजाडल्यावर दोघांनीही बाहेरच थांबायचे. फरक असलाच तर तो कुत्र्याच्या बाजूचा. ते ओट्यावर चढले तर ‘हाड’ म्हणून भागे. माणूस चढला तर ओटा धुतला जाई. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळी ज्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता तेथे माणसांना होता, आणि १९३१ साली गांधीजींशी झालेल्या पहिल्या भेटीत डॉ. आंबेडकरांनी कुत्र्या-मांजरांपेक्षा हीन वागणुकीचाच दाखला दिला. तो अलंकार नव्हता. आटपाडीसारख्या कोणत्याही गावात संध्याकाळी उभे राहून पडताळून पाहता येईल असे ते वर्णन होते. त्याच आटपाडीचे शंकरराव पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

दाराबाहेरच्या या जागेला देवाच्या राज्यात मात्र मान होता. आटपाडी तालुक्यातील खरसुंडीचा सिद्धनाथ भैरवाच्या परंपरेतला, आणि कुत्रे हे भैरवाचे वाहन. खंडोबाच्या सोबत कुत्रे असते. त्याचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, कोटंब्यात भिक्षा घेतात आणि विशिष्ट प्रसंगी कुत्र्यासारखे भुंकतातही. ग्युंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगर आणि खंडोबा-बिरोबा यांच्या उपासनेवर आयुष्य घालवले. त्याच्या लेखनामुळे हे विधी म्हणजे अडाणीपणाचे अवशेष, हा सुशिक्षितांचा समज बराच सैल झाला. राखणदाराने दारात बसायचे असते, ही मेंढपाळांची समजूत. त्यात कमीपणा नाही, हे त्यांचा देवही मान्य करतो.

मराठ्यांच्या इतिहासातील कुत्रे म्हटले की चर्चा रायगडच्या वाघ्यावर येऊन अडकते. तो पुतळा १९३६ चा, आणि कथेला समकालीन साधनांचा आधार नाही. एवढे सांगून पुढे जाऊ. त्याहून बोलका दाखला साताऱ्याचा आहे. छत्रपती शाहूंच्या एका आवडत्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवला. शाहूंनी त्याला रीतसर सनद करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला, असे ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवले आहे. मनःस्थिती बिघडली असता एकदा भर दरबारात शाहूंनी कुत्र्याला जरीचे कपडे आणि जवाहीर घालून आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि बरे झाल्यावरही स्वतःचे डोके पुन्हा कधी झाकले नाही, अशी हकिगतही तो देतो. संगम माहुलीला या कुत्र्याची समाधी दाखवतात. लोकांत त्याचे नाव खंड्या. डफ हे सारे राजाची लहर म्हणून सांगतो. परंतु सनद, जहागीर आणि पालखी यांवरच ज्या दरबाराची सारी उतरंड उभी होती, तेथे त्या तिन्ही वस्तू कुत्र्याला देणे म्हणजे नुसती लहर खास नव्हे. बाकीच्या सरदारांनी पालखीच्या मागून चालताना काय विचार केला असेल, ते बखरींत सापडत नाही.

घराच्या आत राहणारे कुत्रे सर्वसामान्य माणसाच्या आयुष्यात आले ते इंग्रजी अमलात. पहिला संघर्ष मुंबईत झाला. १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. पैशाच्या लोभाने घरादारांतली कुत्रीही उचलली जातात, अशी तक्रार होती. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान असल्याने जूनमध्ये दंगल झाली, दुकाने बंद झाली, लष्कराची रसददेखील अडली. मुद्दा धर्माचा होताच, पण त्याआड आणखी एक होता. ‘पाळीव’ आणि ‘भटके’ असे दोनच खण कायद्यापाशी होते. अंगणातले, आळीतले, चार घरची भाकरी खाणारे कुत्रे कोणत्या खणात घालायचे? त्याचे उत्तर १८३२ मध्ये मिळाले नाही आणि आजच्या न्यायालयीन वादांतही तोच प्रश्न उभा आहे.

दुसरे ठिकाण छावण्यांतले बंगले. साहेबाचे कुत्रे दिवाणखान्यात गालिच्यावर झोपे. त्याने आत घाण केली तर ती काढायला मेहतर होता. फिरवायला पुष्कळदा स्वतंत्र ‘डॉग-बॉय’. म्हणजे कुत्र्याने उंबरठा ओलांडला, तो ज्यांना आत यायला बंदी होती त्यांच्याच श्रमावर. पुढे बंगल्याची ही रीत नोकरदार वर्गाने उचलली. मेहतर गेला, गालिच्याऐवजी फरशी आली, घर तिसऱ्या मजल्यावर गेले, आणि मग पिल्लाला शिकवणे ही निकड झाली.

तेव्हाच ती प्रसिद्ध क्रूर रीतही घरोघर रुजली: घाण केली तर पिल्लाचे नाक त्यात घासायचे आणि फटका द्यायचा. ही रीत जितकी रूढ तितकीच निरुपयोगी. झाल्या गोष्टीशी नंतरच्या शिक्षेचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. ते एवढेच शिकते की माणसासमोर हे करणे धोक्याचे आहे, आणि मग पलंगाखाली, पडद्यामागे कोपरा शोधते. प्राण्यांच्या वर्तनाचे आजचे जाणकार सांगतात ती पद्धत साधी आहे. पिल्लू झोपेतून उठले की, खाऊन झाले की, खेळून थांबले की लगेच बाहेर न्यायचे, रोज त्याच जागी. तेथे काम झाले की त्याच क्षणी शाबासकी द्यायची. घरात चूक झाली तर न बोलता पुसायची आणि वास राहू द्यायचा नाही. अंगणात आई आणि थोरली कुत्री जे करत होती, त्याचीच ही फ्लॅटमधली नक्कल.

सरमेने जनमेजयाच्या सत्रात मांडलेला मुद्दाही याहून वेगळा नव्हता. पिल्लाला आपला अपराध कळला नव्हता, आणि मारणाऱ्यांनाही तो सांगता आला नाही. त्याच महाभारताच्या अखेरीस स्वर्गाच्या दारात इंद्र युधिष्ठिराला सांगतो की कुत्रेवाल्यांना येथे जागा नाही, आणि युधिष्ठिर आत जायचे नाकारतो.

आटपाडीतली घरेही बदलली. धाब्याच्या जागी स्लॅब आला, सारवणाच्या जागी फरशी आली, टेंभू योजनेचे पाणी आले. गुळगुळीत फरशीवर पिल्लू घसरते, आणि तिथे त्याने काही केले तर मातीसारखे जिरत नाही. गावातल्या सोप्यावर पिल्लाला रागे भरताना ‘नो, नो’ ऐकू येऊ लागले आहे.

दिवाळीनंतर वाडे अजूनही निघतात. ज्या पिल्लाचे पाय अजून वाटेला पुरत नाहीत, त्याला घोडीवरच्या ओझ्यात कोकरांशेजारी बसवतात, आणि मुक्काम आला की मेंढरांत सोडून देतात.